ओढ्यातलं शेपटीवालं पिल्लू कुणाचं? खानापूर-जांबोटीकडे उभयचरांची पिल्लं ओळखायला शिकताना

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडे पावसात फिरून आलेलं कुणीतरी दरवर्षी एक फोटो पाठवतंच. पाण्यात चार पायांचं, शेपटीचं, बोटाच्या पेराएवढं काहीतरी, आणि खाली प्रश्न: "हा सॅलॅमँडर काय?" उत्तर सरळ आहे. नाही. सॅलॅमँडर म्हणजे बेडकाच्या नात्यातला, मोठेपणीही शेपटी असणारा उभयचर, आणि पश्चिम घाटात तो मिळत नाही. भारतात तो फक्त पूर्वेला, दार्जिलिंगच्या डोंगरात आणि ईशान्येकडच्या काही राज्यांत आहे. दार्जिलिंग आणि पूर्व नेपाळातल्या सॅलॅमँडरला 2015 साली 'टायलोटोट्रायटन हिमालयानस' असं स्वतंत्र नाव मिळालं. त्याआधी तोही 'टायलोटोट्रायटन व्हेरुकोसस' याच जातीत धरला जायचा.

तरीही प्रश्न चांगला आहे, आणि विचारणाऱ्याला "नाही" म्हणून वाटेला लावणं मला पटत नाही. सॅलॅमँडरचं पिल्लू कशावरून ओळखायचं हे समजलं की बेडकाचं पिल्लू वाचता येतं. आणि आपल्या खानापूर तालुक्यात सॅलॅमँडरच्या पिल्लाशी बरंच मिळतंजुळतं पाण्यातलं पिल्लू असणारा एक प्राणी खरोखरच आहे, तो ओळखायची तयारीही होते. तो म्हणजे देवगांडूळ, बिनपायाचा, गांडुळासारखा दिसणारा उभयचर. त्याच्याकडे येतोच.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना एकच आग्रह: जातीचं नाव शेवटी. आधी हे पिल्लू कोणत्या गटातलं आणि वाढीच्या कोणत्या टप्प्यावर, एवढं ठरवा. पिल्लांवरून जात ठरवणं अभ्यासकांनाही जड जातं; गट आणि टप्पा मात्र दोन पावसाळ्यांत कुणालाही जमतो.

सामान आणि तयारी

पांढरी प्लास्टिकची किंवा इनॅमलची खोलगट ताटली, चहाची मोठी गाळणी, स्टीलची छोटी पट्टी, डोक्याला लावायचा टॉर्च, गमबूट, वही आणि पेन्सिल. पेनाची शाई पावसात पसरते, म्हणून पेन्सिलच. मोबाइलला चिमट्याने लावायची मॅक्रो लेन्स असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही.

हाताबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण नुकसान तिथेच होतं. खानापूरच्या रानात जळवा लागतात म्हणून बरेच जण पायांना आणि मोज्यांना मीठ किंवा तंबाखूचं पाणी चोळून जातात. डासांसाठी हाताला मलम लावतात. तोच हात डबक्यात घातला की आतल्या पिल्लांची नाजूक कातडी ते सगळं शोषून घेते. उभयचरांची कातडी श्वासही घेते आणि पाणीही पिते. म्हणून रानात शिरण्यापूर्वीच हात साध्या पाण्याने स्वच्छ धुवा, मीठ-तंबाखू फक्त बुटांना लावा, आणि पिल्लू कधीच कोरड्या हाताने उचलू नका. खरं तर हाताने उचलूच नका. ताटलीत आधी त्याच डबक्याचं पाणी घ्यायचं, गाळणी पिल्लाच्या खाली अलगद न्यायची, आणि पाण्यासकट पिल्लू ताटलीत सोडायचं. बघणं, फोटो काढणं, सगळं दहा मिनिटांत उरकायचं आणि जिथून घेतलं तिथेच परत सोडायचं. शेजारच्या डबक्यातही नाही.

आधी किडे आणि मासे बाजूला काढा

ताटलीतल्या जिवाचे पाय मोजा. सहा पाय असतील तर तो किडा. टाचणी या चतुरासारख्या बारीक किड्याच्या पिल्लाला शेपटीच्या टोकाला तीन चपट्या पानांसारखे कल्ले असतात, आणि लांबून बघणारा त्यालाच शेपटी समजतो. चतुराचं पिल्लू जाडजूड, सहा पायांचं, आणि बेडकाच्या पिल्लांचा मोठा शत्रू. माशाच्या पिल्लाच्या परात काटे दिसतात, बेडकाच्या शेपटीचा पडदा बिनकाट्याचा, सलग असतो. इतकं झालं की पुढे चला.

कल्ले कुठे आहेत?

ही सगळ्यात कामाची खूण. सॅलॅमँडरच्या पिल्लाच्या डोक्यामागे दोन्ही बाजूंना तीन-तीन कल्ले बाहेर आलेले असतात. त्यांना बारीक फांद्या फुटलेल्या असतात आणि आतल्या रक्तामुळे त्यांवर लाली दिसते. पाण्यातलं आयुष्य संपेपर्यंत ते तसेच बाहेर राहतात. पिल्लू मोठं झालं, चारही पाय आले, तरी कल्ले दिसतातच.

बेडकाच्या पिल्लालाही बाहेरचे कल्ले येतात, पण अंड्यातून बाहेर पडल्यावर जेमतेम काही दिवस. मग कातडीची एक घडी त्यांच्यावर वाढते आणि कल्ले आत झाकले जातात. पाणी तोंडातून आत जातं आणि एका बारीक छिद्रातून बाहेर पडतं. आपल्याकडच्या बहुतेक पिल्लांत हे छिद्र डाव्या बाजूला असतं. ताटली तिरपी करून बाजूने टॉर्च मारला की दिसतं. ज्या पिल्लांत ते पोटाखाली मधोमध असतं, ती मायक्रोहायला या चिमुकल्या बेडकांच्या गटातली असण्याची शक्यता मोठी.

या मायक्रोहायलाच्या पिल्लाकडे वेळ काढून बघा. शेताच्या बांधालगतच्या साचलेल्या पाण्यात ही पिल्लं तळाला न जाता मधल्या थरात, डोकं किंचित वर करून तरंगत थांबलेली असतात. अंग जवळपास पारदर्शक. पांढऱ्या ताटलीत आधी फक्त दोन काळे डोळे दिसतात, तेही डोक्याच्या अगदी कडेला. मग शेपटीच्या टोकाची अखंड चाललेली थरथर. नीट बघितलं तर पोटातलं आतड्याचं वेटोळं बाहेरून दिसतं. त्याच्या तोंडाला खरवडायची चोच नसते, ते पाण्यातले सूक्ष्म कण गाळून खातं.

आधी पुढचे पाय की मागचे?

सॅलॅमँडरच्या पिल्लाला आधी पुढचे पाय येतात, मागचे नंतर. बेडकाच्या पिल्लाला बाहेरून दिसणारे पहिले पाय मागचे. पुढचे पाय त्यालाही वाढत असतात, पण कल्ल्यांवरच्या त्या घडीच्या आत, नजरेआड. योग्य वेळी पिल्लू हाती लागलं तर छातीच्या दोन्ही बाजूंना कातडीखाली कोपराचा उंचवटा दिसतो. एखाद-दोन दिवसांत तिथूनच पाय बाहेर येतो. पुष्कळदा दोन्ही एकदम येत नाहीत, मधे काही वेळ तीन पायांचं पिल्लूही दिसतं. ते अपंग नाही.

सुरुवातीच्या त्या फोटोचं उत्तर इथे मिळतं. चार पाय आणि शेपटी, पण डोक्यामागे कल्ले नाहीत, डोकं रुंद, शेपटी आखडत चाललेली: हा रूपांतरणाच्या शेवटच्या टप्प्यातला बेडूक. सॅलॅमँडरच्या पिल्लाला चार पाय असताना शेपटीचा पडदाही पूर्ण असतो आणि कल्लेही बाहेर असतात. बेडूक या अवस्थेत फक्त काही दिवस राहतो, म्हणूनच तो अनेकांना अनोळखी वाटतो.

जागा बरंच सांगते

पिल्लू कुठे सापडलं ते नोंदवल्याशिवाय ओळख पुरी होत नाही.

बेळगाव शहरातल्यांनी यासाठी चोर्ला घाटापर्यंत जायलाच पाहिजे असं नाही. वडगाव, शहापूर, अनगोळच्या भातशिवारात मृगाचा पाऊस साचला की पहिली काळी, बारीक, झुंडीने फिरणारी पिल्लं दिसतात. ती बहुधा आपल्या अंगणातल्या चामखिळ्या भेकाची. त्याची अंडी काळ्या मण्यांच्या पोतीसारखी लांब, चिकट दोरीत असतात आणि गवताच्या काड्यांना गुंडाळलेली सापडतात. त्याच पाण्यात एखादं मोठं, एकटं, जोरकस जबड्याचं पिल्लू दुसऱ्या पिल्लांना खाताना दिसलं तर ते पावसात पिवळ्या पडणाऱ्या मोठ्या बेडकाचं असू शकतं. बेडकाची पिल्लं शेवाळच खातात हे पाठ केलेलं वाक्य इथे मोडतं.

जांबोटीच्या पुढे चित्र बदलतं. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर पांढऱ्या फेसाचा गोळा दिसला तर हात लावू नका. मलबारचा उडता बेडूक आणि त्याचे नातेवाईक असा फेस घुसळून त्यात अंडी घालतात. पिल्लं फेसातच फुटतात आणि पावसाच्या माऱ्याने खालच्या पाण्यात पडतात. खाली पाणी आहे का, ते बघून लिहून ठेवा.

धबधब्याच्या बाजूच्या ओल्या, उभ्या खडकावर टॉर्च मारला की कधी कधी खडकालाच चिकटलेली पिल्लं उड्या मारत सरकतात. शेपटी लांब, बारीक. मागचे पाय लवकर आलेले. ही इंडिराना या गटाची पिल्लं. त्यांना डबकं लागतच नाही, खडकावरून झिरपणारा पाण्याचा पातळ थर पुरतो. याच गटातली जांभ्याच्या भेगांत राहणारी एक जात आंबोलीतून 2014 साली नव्याने नोंदवली गेली. आंबोली इथून घाटाच्या तोंडाशीच आहे, तेव्हा आपल्या बाजूच्या जांभ्याच्या भेगाही दुर्लक्ष करण्यासारख्या नाहीत.

आणि काही बेडकांचं पिल्लू तुम्हाला कधीच सापडणार नाही. झुडपांत रात्रभर टिक-टिक करणाऱ्या राओर्चेस्टिस गटाच्या बेडकांत शेपटीचं पिल्लू अंड्याबाहेर येतच नाही. सगळं रूपांतर अंड्याच्या आत, आणि बाहेर पडतो तो चिमुकला, चार पायांचा बेडूक. यातल्या एका जातीचं नाव 'बॉम्बेएन्सिस' असलं तरी तिची मूळ नोंद 1919 सालची, आपल्या कॅसलरॉकची आहे. आवाज भरपूर आणि डबक्यात पिल्लू एकही नाही, असं झालं तर बुचकळ्यात पडू नका.

शरीराच्या आत काय चाललेलं असतं

रूपांतरण म्हणजे पाय फुटणं आणि शेपटी गळणं एवढंच नव्हे. शेपटी गळून पडतच नाही. ती आतून विरघळवली जाते आणि तिच्यातलं द्रव्य शरीर वापरतं. शेवटच्या टप्प्यात पिल्लाचं तोंड खरवडणाऱ्या चोचीचं बेडकाच्या रुंद जबड्यात बदलत असतं, लांबलचक आतडं आखूड होत असतं, आणि तेवढे दिवस ते काही खाऊ शकत नाही. शेपटी हीच त्याची शिदोरी.

हे सगळं सुरू होतं गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या स्रावाने. गुडरनाच या शास्त्रज्ञाने 1912 साली बेडकाच्या पिल्लांना घोड्याच्या थायरॉइडचे तुकडे खाऊ घातले. पिल्लं वाढण्याआधीच बदलली आणि अगदी किरकोळ आकाराचे बेडूक झाले. सॅलॅमँडरमध्येही हाच स्राव काम करतो: कल्ले आत शोषले जातात, कल्ल्यांच्या फटी बुजतात, शेपटीचा पडदा जातो, डोळ्यांना पापण्या येतात, कातडी जाड होते. शेपटी मात्र राहते. मेक्सिकोतल्या झोचिमिल्को तळ्याचा ॲक्सोलॉटल जन्मभर कल्ले ठेवून पाण्यातच राहतो, पिल्लाच्याच रूपात वयात येऊन अंडी घालतो, कारण त्याच्यात हा स्राव पुरेसा उसळत नाही. तो बाहेरून दिला तर त्याचेही कल्ले जातात आणि तो जमिनीवर येतो.

आपल्या शिवारात मात्र सगळ्यात मोठा धक्का देतं ते आटणारं पाणी. पावसाने उघडीप दिली, डबकं आटू लागलं, गर्दी वाढली की पिल्लाच्या शरीरात ताणाचे स्राव वाढतात, ते थायरॉइडच्या कामाला वेग देतात, आणि पिल्लू घाईने बदलतं. जीव वाचतो, पण बेडूक लहान निघतो आणि लहान बेडकाचं पुढचं जगणं अवघड असतं. म्हणून पुनर्वसू-पुष्यात पाऊस लांबला की त्याच डबक्याकडे आठवड्यातून दोनदा जा. एक काठी रोवून तिच्यावर पाण्याची खूण करा आणि दरवेळी पाण्याची खोली आणि पिल्लांचा टप्पा एकाच ओळीत लिहा.

टप्पे लिहायची रीत हवी. गॉस्नर या अभ्यासकाने 1960 साली बेडकाच्या वाढीचे 46 टप्पे ठरवले, आणि अभ्यासक आजही तेच आकडे वापरतात. त्यात 25 वर बाहेरचे कल्ले झाकले गेलेले असतात, 42 वर पुढचे पाय बाहेर येतात, 46 वर शेपटी संपलेली असते. नवख्याने पाचच खुणा धराव्यात: कल्ले बाहेर; पाय नाहीत; मागचे पाय; चार पाय आणि लांब शेपटी; चार पाय आणि शेपटीचा बुंधा. एका डबक्यातली सगळी पिल्लं एका टप्प्यावर नसतात. जास्तीत जास्त कुठल्या टप्प्यावर आहेत ते लिहायचं.

शेवटच्या दोन टप्प्यांत पिल्लाचे कल्ले निकामी होत असतात आणि ते हवेवर जगायला लागतं. त्याला काठ हवा. शेतातला सिमेंटचा हौद, कडेने उभी बांधलेली टाकी, नवीन विहीर यांत हजारो पिल्लं नीट वाढतात आणि ऐन बाहेर पडायच्या वेळी बुडून मरतात. तुमच्या मळ्यात असा हौद असेल तर मृगातच एक खरबरीत फळी किंवा झाडाची फांदी तिरपी टाकून ठेवा. खर्च काही नाही.

देवगांडूळ

चोर्ला, पारवाड, कणकुंबी, आमगाव हा सगळा पट्टा देवगांडुळांसाठी महत्त्वाचा आहे. म्हादई नदीच्या नावावरून ओळखलं जाणारं 'गेजेनिओफिस म्हादेइएन्सिस' 2007 साली नोंदवलं गेलं, आणि पिवळ्या पट्ट्याचं मोठं 'इक्थिओफिस डेव्हिडी' 2011 साली चोर्ल्याच्या परिसरातून. दोन्ही उभयचर, बेडूक-सॅलॅमँडरच्या कुळातले. पाय मात्र नाहीत.

गावात यांना सर्रास साप समजून मारतात. चिखलणी करताना किंवा शेणखताच्या खड्ड्यात सापडलं की "अहो काका, हात लावू नका, विषारी हाय ते" असं ऐकू येतं. ते सापासारखं डसत नाही आणि त्याच्यापासून माणसाला धोका नाही. ओळखायचं असं: गांडुळाला जबडा नसतो, देवगांडुळाला जबडा आणि दात असतात, अंगावर गोल वळ्या असतात आणि कातडी बुळबुळीत. वाळा आणि खापरखवल्या हे साप असल्याने त्यांच्या अंगावर चकचकीत, कोरडे खवले दिसतात. देवगांडुळाच्या डोळा आणि नाकपुडी यांच्या दरम्यान एक बारीक स्पर्शिका असते, तिने ते मातीत वास घेत चालतं. ही स्पर्शिका दुसऱ्या कुठल्याच उभयचराला नाही.

पाण्यातलं पिल्लू मिळतं ते इक्थिओफिसचं. मादी ओढ्याजवळच्या ओल्या मातीत बीळ करून अंडी घालते आणि त्यांच्याभोवती वेटोळं घालून राखण करते. अंड्याच्या आत पिल्लाला फांद्या फुटलेले, बाहेरचे कल्ले असतात, सॅलॅमँडरसारखेच. अंड्यातून निघाल्यावर ते लगेच जातात, मागे मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटी फट उरते. पिल्लू सरपटत पाण्यात जातं आणि तिथे बरेच महिने राहतं. त्याच्या शेपटीला बुटका पडदा असतो, डोळे मोठ्या देवगांडुळापेक्षा स्पष्ट दिसतात, आणि डोक्यावर फिकट ठिपक्यांच्या रांगा असतात. त्या ठिपक्यांनी ते पाण्यातली हालचाल ओळखतं. रूपांतरणात फट बुजते, पडदा आणि ठिपके जातात, आणि तेव्हाच ती स्पर्शिका बाहेर येते.

म्हणजे पाण्यात करंगळीपेक्षा बारीक, बिनपायाचं, गडद काही वळवळताना दिसलं तर तीन गोष्टी बघा: मानेशी फट, शेपटीला पडदा, अंगावर वळ्या. तिन्ही असतील तर तुम्ही सॅलॅमँडरपेक्षा कितीतरी क्वचित दिसणारं काही बघताय. पिल्लं दिवसा दगडाखाली, पाचोळ्यात लपतात. दगड उचलला तर त्याची पलीकडची कड वर करून तो तुमच्याकडे कलवा, म्हणजे खाली फुरसं किंवा विंचू असला तर तो पलीकडे जाईल, आणि बघून झाल्यावर दगड जसा होता तसाच ठेवा. उलटा पडलेला दगड म्हणजे एका पिल्लाचं घर गेलं. गेजेनिओफिसचं पाण्यातलं पिल्लू शोधत बसू नका. त्यांना ही अवस्थाच नसते.

रानात आणि रानाबाहेर

भीमगड अभयारण्य 2011 साली जाहीर झालं. त्याच्या हद्दीत वन खात्याच्या परवानगीशिवाय शिरायचं नाही, आणि कुठलंही पिल्लू, अंडं, फेसाचा गोळा घरी आणायचा नाही. बाहेरच्या रानातही रात्री एकट्याने जाऊ नका. गावातल्या जाणत्या माणसाला सोबत घ्या. गवा आणि अस्वल दोन्ही या भागात आहेत, आणि कुठल्या ओढ्याला सध्या जायचं नाही हे गावातल्या माणसांनाच ठाऊक असतं.

एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना बूट, गाळणी आणि ताटली खरवडून धुवा आणि उन्हात पूर्ण वाळवा. उभयचरांच्या कातडीला लागणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटातही सापडली आहे, आणि ती ओल्या चिखलातून पसरते. पावसाळ्यात ऊन मिळत नाही, तेव्हा बुटांचे दोन जोड ठेवणं किंवा एका दिवशी एकाच ओढ्यावर जाणं, हाच उपाय.

वहीत तारीख, गाव, पाणी वाहतं की साचलेलं, खोली, पिल्लाची लांबी शेपटीसकट, टप्पा आणि छिद्राची जागा एवढं लिहा. फोटो चार काढा: वरून, बाजूने, पोटाच्या बाजूने, आणि आजूबाजूच्या जागेचा. पोटाचा फोटो पारदर्शक डबीतून खालून घेता येतो, पिल्लू उलटं करायची गरज नाही. हे आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या संकेतस्थळांवर टाकता येतं, जाणकार तिथे ओळख पटवून देतात. देवगांडूळ किंवा दुर्मीळ बेडूक असेल तर जागेचा नेमका पत्ता लपवायचा पर्याय निवडा, तालुक्याचं नाव पुरतं.